जर्मनीत लायसन्स परत काढायला लावतात, यात लूट कसली?

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

छप्पनवाला भिया, तुमची कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. तुमचं म्हणणं असं की जर्मनीत परदेशी माणसाला लायसन्स परत काढायला लावणं म्हणजे सरळ लूट, "इंदूरच्या पलासिया चौराह्यावर गाडी काढणाऱ्याला हे काय शिकवणार", आणि परीक्षकाने तुम्हाला खांद्यावरून मागे वळून पाहिलं नाही एवढ्याशा कारणासाठी नापास केलं. खाली सगळे "बरोबर बोललात भिया" करत सुटलेत.

एवढंसं कारण? तिकडे उजवीकडे वळताना तुमच्या उजव्या हाताला सायकलींचा पट्टा असतो, सायकलवाला सरळ जात असतो, आणि थांबायचं तुम्ही, त्याने नाही. आरशात तो थोडा वेळ दिसतो मग दिसेनासा होतो, आणि दिसत नाही तेव्हाच तो तुमच्या दाराला लागून असतो. म्हणून मान वळवायची. परीक्षकाच्या समाधानासाठी नाही वळवायची.

आणि लूट म्हणताना हे का नाही लिहिलं की तिथल्या अठरा वर्षांच्या पोरांना थेअरीचे वर्ग सक्तीचे, वर बारा स्पेशल ड्राइव्ह सक्तीच्या, पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर म्हणजे तिकडच्या हायवेवर, तीन अंधारात, आणि सगळा खर्च सहज तीन हजार युरोच्या वर जातो? भारतीय लायसन्स असेल तर हे सगळं आपल्याला माफ आहे. थेअरी, रस्त्यावरची परीक्षा, डोळ्यांची तपासणी, फर्स्ट एडचा कोर्स, लायसन्सचं भाषांतर, झालं. तुम्ही क्लासवाल्याला जास्तीचे पैसे दिलेत ते तुमच्या सवयी मोडायला दिलेत, त्याला जर्मन सरकार काय करणार.

पहिले सहा महिने तर भारतीय लायसन्सवर चालवूच देतात. आपण पाच महिने झोपा काढतो, मग अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून बोंब मारतो.

छप्पनवाला

ताई, नमस्कार, एवढा मोठा निबंध लिहिलात पण लिस्टबद्दल एक ओळ नाही. सोयीने विसरलात का? जर्मनीची देशांची एक यादी आहे, त्यात जपान आहे, दक्षिण कोरिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे, नामिबिया पण आहे. या लोकांनी लायसन्स जमा करायचं आणि जर्मन घ्यायचं, ना थेअरी ना ड्राइव्ह. अमेरिकेच्या काही राज्यांना सगळं माफ, काहींना फक्त थेअरी, म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की माणसाचं ड्रायव्हिंग बिघडतं वाटतं. आणि "तुम्ही डावीकडून चालवता म्हणून" हे कारण तर सांगूच नका, जपान, दक्षिण आफ्रिका, नामिबिया तिघंही आपल्यासारखेच डावीकडून चालवतात.

मग मला सांगा त्या सायकलवाल्याला नामिबियाच्या माणसाची गाडी लागत नाही का? त्याची मान आपोआप वळते? ही लिस्ट सरकार-सरकारच्या आपसातल्या देवाणघेवाणीवर बनलेली आहे, रस्त्यावर कोण कसा चालवतो याच्यावर नाही. माझा राग परीक्षेवर नाही, माझी घेता तर सगळ्यांची घ्या. थेअरी तुर्कीत आहे, अरबीत आहे, हिंदीत नाही. ठीक, इंग्रजीत देऊ. पण रस्त्यावर परीक्षक जर्मनमध्ये बोलून राहिलाय, पोटात गोळा, आणि वरून मान का नाही वळवली.

राजेंद्रनगरकर_काका

दोघांचंही वाचलं. मी आकडे देतो, भावना नको. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा आहे. जर्मनीत त्याच वर्षी अठ्ठावीसशेच्या आसपास. आता कोणीतरी लोकसंख्या काढेलच, म्हणून आधीच हिशोब करून ठेवलाय, लाखामागे आपले बारा आणि त्यांचे साडेतीनच्या आत. तरी बरं, त्यांच्याकडे ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादाच नाही. त्यामुळे मी जर्मन अधिकारी असतो तर मीही इंदूरवाल्याला दोनदा तपासला असता.

आणि विषय निघालाच आहे तर, लेफ्ट टर्न. सिग्नलला सगळ्यात डावीकडे उभं राहून सरळ जाणारी ही जी जमात आहे, हिचं काय करायचं? मागे अँब्युलन्स असो, डावीकडे वळणारे दहा जण असोत, हे हटणार नाहीत, आणि हॉर्न दिला तर वळून आपल्यालाच विचारणार, "क्या हो गया अंकल?" पोलीस गेल्या वर्षीपासून हेल्मेट हेल्मेट करून राहिलेत, १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा कलेक्टरांचा आदेश आला तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं आणि चौराह्यावर ही बुद्धी. लेफ्ट टर्नवर कोणी बोलत नाही.

छप्पनवाला

काका, आकडे बरोबर पण त्या मेलेल्यांत पायी चालणारे आणि टू-व्हीलरवाले किती ते पण बघा. रस्ते, फुटपाथ, ट्रॉमा सेंटर हे सगळं त्यात येतं. सगळं खापर माझ्या मानेवर फोडू नका.

दुबईरिटर्न

तुमच्या लिस्टवर एक मजा सांगतो. दुबईत भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. आता "गोल्डन चान्स" म्हणून क्लास न लावता एकदा थेट परीक्षा देता येते, आमच्या वेळी तेही नव्हतं, रीतसर क्लास, पार्किंगची परीक्षा, रस्त्याची परीक्षा, पैसे पाण्यासारखे गेले आणि शिव्याही घातल्या. नंतर नोकरी बदलून इंग्लंडला गेलो. ब्रिटनच्या यादीत भारत नाही पण अमिरात आहे. दुबईचं लायसन्स पाठवलं, ब्रिटिश लायसन्स घरी आलं, परीक्षा शून्य. बरोबरचा पुण्याचा मुलगा भारतीय लायसन्सवर वर्षभर चालवून मग पहिलीपासून सुरू, प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थेअरीचे पन्नास प्रश्न, त्यात त्रेचाळीस बरोबर हवेत, धोका ओळखायचे व्हिडिओ, मग रस्ता.

माणूस मी तोच, पाय तेच, क्लच तोच. परीक्षा कुठे दिली एवढंच ते बघतात. म्हणजे त्यांचा विश्वास नाही तो आपल्या परीक्षेवर, आपल्यावर नाही. आता आपली परीक्षा कशी होते हे आपणच दिवाळीच्या फराळाला हसत हसत सांगतो ना?

छप्पनवाला

दादा, ब्रिटनच्या त्याच यादीत झिंबाब्वे आहे. तिथली परीक्षा तुम्ही बघून आलात का?

दुबईरिटर्न

नाही बुवा. झिंबाब्वेला माझ्याकडे उत्तर नाही. घ्या, एक मार्क तुम्हाला.

लंडनची_सून

तुम्ही पुरुष मंडळी "मला कोण शिकवणार" यातच अडकलात. मी इंदूरची, माहेर सुदामानगर, लायसन्स होतं, कागदावर. घरात गाडी आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि भाऊ बारावीत, तरी किल्ली त्याच्याकडे. मला काय सांगायचे, ट्रॅफिक फार आहे, तू स्कूटीवर बरी. त्याने दोनदा गाडी ठोकली तर "शिकताना होतंच", आणि मी एकदा गेटला घासली तर वर्षभर जेवताना विषय. सासरीही तेच, फक्त गाडी मोठी होती.

लंडनला येऊन शून्यापासून शिकले आणि पहिल्याच परीक्षेत पास झाले. नवरा, जो इंदुरात एका हाताने यू-टर्न मारायचा, तो अडकला. कारण मला मोडायची सवयच नव्हती! इन्स्ट्रक्टर म्हणाला आरसा, मी आरसा. तो म्हणाला राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मी थांबले. नवऱ्याचा सगळा वेळ "पण असं कोण करतं" यात गेला.

क्लचप्लेट

अभिनंदन ताई. ऑटोमॅटिकवर ना?

लंडनची_सून

हो, ऑटोमॅटिकवर. मग?

क्लचप्लेट

मग काही नाही. ऑटोमॅटिकवर पास झालात की ब्रिटनमध्ये लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच, गिअरवर पास झालेला दोन्ही चालवतो. नवरा बहुतेक गिअरवर देत असणार. तुलना करायची तर सारख्या गाडीची करा. भेरूघाटात चढावर हाफ क्लचवर थांबवून दाखवा मग बोलू.

लंडनची_सून

तुम्हाला भेरूघाटात गाडी नेता आली कारण तुम्हाला अठराव्या वर्षी किल्ली मिळाली. मला मिळाली असती तर मीही नेली असती. हाच तर मुद्दा आहे आणि तो तुमच्या डोक्यावरून ऑटोमॅटिक गेला.

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

जर्मनीत पण आधी असंच होतं, ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सवर ७८ नंबरची अट बसायची. एप्रिल २०२१ पासून सोय झाली, पंचेचाळीस मिनिटांचे कमीत कमी दहा क्लास गिअरच्या गाडीवर करा, क्लासवाला तपासून सर्टिफिकेट देतो, मग परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. म्हणजे ज्या देशात गिअरच्या गाड्या बनतात त्यांनाही गिअरचं एवढं सोवळं राहिलेलं नाही.

क्लचप्लेट

दहा क्लासांत गिअर येतो म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

राजेंद्रनगरकर_काका

सूनबाई, तुमचं दुःख समजतो पण सरसकट सगळ्या घरांना नावं ठेवू नका. आमच्या वेळी घरात एकच गाडी, ती बिघडली तर महिन्याचं बजेट कोलमडायचं, म्हणून ज्याला चांगली येते त्याच्याच हातात. मुलगा-मुलगी असा भेद आमच्याकडे कधीच नव्हता.

लंडनची_सून

काका, तुमच्या घरात काकूंना येते का गाडी?

राजेंद्रनगरकर_काका

तिला आवड नाही.

लंडनची_सून

विचारलंत कधी? का तीही तुम्हीच ठरवली?

राजेंद्रनगरकर_काका

हे फार व्यक्तिगत होतंय. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. इथे मी आकडे घेऊन आलो होतो आणि माझ्या संसाराची चौकशी सुरू झाली.

पोहे_विथ_जीरावन

काका चिडले. भिया, धागा लायसन्सचा होता ना? पण एक सांगतो, माझ्या आईने पन्नाशीनंतर कार शिकली, सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर सकाळी सकाळी, आणि आता बाबांना रेल्वे स्टेशनला तीच सोडते. बाबा बाजूला बसून काल्पनिक ब्रेक दाबत असतात. त्यामुळे "आवड नाही" मीही खूप वर्षं ऐकलं आहे.

क्लचप्लेट

सुपर कॉरिडॉरवर कोणीही चालवेल. राजवाड्याच्या गर्दीत शनिवारी संध्याकाळी न्या.

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

राजवाड्याला शनिवारी संध्याकाळी गाडी नेणं याला कौशल्य नाही, हट्ट म्हणतात. आणि नेमकी हीच गोष्ट आहे. आपण जिथे शिकतो तिथे ज्याची गाडी आधी आत शिरली त्याचा हक्क. तिकडे वस्तीतल्या गल्लीत ना सिग्नल ना पाटी, तरी उजवीकडून येणारा आधी, मग तो कितीही लांब सायकलवर असो. तुम्ही जिथे "काढली ना गाडी, लागली का कुणाला?" म्हणता तिथे परीक्षक परीक्षा संपवतो. आपल्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, आशियातला सगळ्यात लांब, त्यावर गाड्यांची केवढी कडक तपासणी होते. गाडी चालवणाऱ्याची? माझं लायसन्स कुठल्या गावात निघालं ते सांगत नाही, पण तिथे मी फोटोला बसले होते, स्टिअरिंगवर नाही. एजंटने वर विचारलं, टू-व्हीलर पण टाकून देऊ का त्याच पैशात.

छप्पनवाला

मग सगळ्यांना तेच तराजू लावता? मी एजंटशिवाय काढलं होतं, आठ काढून दाखवला, पाय न टेकवता. माझ्यासारख्याचं काय? लाखो एजंटवाल्यांमुळे माझी शिक्षा?

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

हो. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण जर्मन खिडकीवरच्या बाईला कळणार कसं की तुमचा आठ खरा आणि माझा एजंटचा? कार्ड दोघांचं सारखंच आहे.

आणि लिस्टबद्दल, ठीक, ती देशादेशांच्या देवाणघेवाणीतून बनते, रस्ते बघून नाही, त्याचं समर्थन मी करत नाही. त्यावर चिडायचंच असेल तर आपल्या सरकारवर चिडा, की तुम्ही जाऊन करार का नाही करत. परीक्षकावर नाही. तो बिचारा मागच्या सीटवर बसून तुमची मान बघत होता.

छप्पनवाला

बघा, शेवटी लिस्ट चुकीची आहे हे निघालंच ना तोंडातून. मीही मान वळवीन, इतकी वळवीन की परीक्षकाला वाटेल मागे कोणी ओळखीचं दिसलं. पण सहा महिने उलटले आहेत आता, तोपर्यंत बसने जायचं आणि पोराला सायकलवर शाळेत सोडायचं, हे कोणी लिहीत नाही.

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

उलटले असतील तर खरंच चालवू नका भिया, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. तिथे तो दंडाच्या पावतीचा विषय नाही, फौजदारी गुन्हा आहे. आणि पोराला सायकलवर सोडताय ना, मग उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवा, त्यातला कोणी लिस्टवाल्या देशाचा असेल.

राजेंद्रनगरकर_काका

भांडण आटपलं असेल तर कामाचं विचारतो. मुलगा स्टुटगार्टला आहे, आम्ही दोघं उन्हाळ्यात तीन महिने जातोय. मला तिकडे चालवता येईल का? का मलाही मान वळवायची परीक्षा?

स्नेहलतागंज_एक्सप्रेस

काका, तुम्ही पाहुणे, राहायला जात नाही, त्यामुळे परीक्षा नाही. भारतीय लायसन्स चालेल, सोबत आंतरराष्ट्रीय परमिट घेऊन जा म्हणजे भाषांतराची वेगळी कटकट नाही. फॉर्म ४ए, हजार रुपये फी, वर्षभर चालतं, पण मूळ लायसन्स बरोबर ठेवायचंच. लायसन्सची मुदत संपत आली असेल तर आधी ते रिन्यू करा. आणि गाडी मुलाची असेल तर तिच्या इन्शुरन्समध्ये तुमचं नाव बसतं का ते त्याला विचारायला सांगा.

राजेंद्रनगरकर_काका

मुलाला गाडी येत नाही. सून चालवते.

लंडनची_सून

मग काका, तिलाच विचारा किल्ली देते का.

क्लचप्लेट

गाडी गिअरची आहे का पण?