विद्यापीठात तयार झालेल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट विद्यापीठाच्या नावावर पक्का कसा करायचा?

भूजलगट
नमस्कार मंडळी. आमच्या विभागात भूजलाच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर तयार झालंय. सुमारे ४० हजार ओळी, बहुतेक सी++. कोड लिहिणारे पाच जण: प्राध्यापक, पगारी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक), पीएचडीचे दोघे (एक प्रकल्पाच्या पगारावर, दुसरी बाहेरच्या फेलोशिपवर) आणि थोड्या काळासाठी आलेला एक इंटर्न. प्रकल्पाला बाहेरचं अनुदान आहे. आता एका कंपनीला ते आपल्या उत्पादनात घालायचंय आणि आम्हाला संशोधकांसाठी खुलंही ठेवायचंय. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर सध्या प्रयोगशाळेचं नाव आहे. सुरुवात कुठून करावी?

मसुदाकार
कॉपीराइट कुठून आणावा लागत नाही. बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) कोड लिहिला की हक्क आपोआप निर्माण होतो, त्याला नोंदणीची अट नाही. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या कलम १० ने संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीइतकंच संरक्षण दिलंय. खरी मेहनत आहे ती आत्ता हा हक्क कोणाकोणाकडे आहे ते शोधण्यात.

कागद याच क्रमाने वाचा: आधी अनुदानाचा करार, मग विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण, मग प्रत्येकाचं नेमणूकपत्र. अनुदान देणारी संस्था कधी मालकी मागते, कधी फक्त वापराचा परवाना, कधी कोड खुला करण्याची अट घालते. ते कलम आधी न बघता कंपनीशी बोलणी सुरू केली की पुढे सगळं अडतं.

पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड बहुतेक देशांत मालकाचा. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, भारतात (१९५७ च्या कायद्याचं कलम १७) हे तत्त्व आहे, आणि युरोपीय संघाच्या २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशातही. म्हणजे पोस्टडॉकचा प्रश्न सहसा निकालात निघाला. प्राध्यापकांसाठी धोरण वाचाच, कारण काही विद्यापीठं अध्यापकांचं लेखन त्यांच्याकडेच ठेवतात आणि सॉफ्टवेअरला मात्र वेगळा नियम लावतात.

तुमची गाठ आहे ती फेलोशिपवाली विद्यार्थिनी आणि इंटर्न. ते नोकर नाहीत, म्हणून त्यांचा कोड त्यांचाच. "संकेतस्थळावर धोरण आहे" एवढ्यावर मालकी सरकत नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मसुद्यात कालावधी आणि प्रदेश स्पष्ट लिहा. भारतीय कायद्यात ते लिहिलं नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं आणि फक्त भारतापुरतं धरलं जातं. सॉफ्टवेअर जगभर वापरलं जाणार असेल तर ही चूक भारी पडते.

रेपोपाल
कागदांच्या बरोबरीने रेपोही (कोड साठवलेली जागा) तपासा. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून प्रत्येक नाव आणि ईमेल काढा आणि माणसाशी जुळवा. एकाच माणसाचे तीन ईमेल निघतात, आणि उलटही होतं: इंटर्नने पाठवलेला कोड पोस्टडॉकने स्वतःच्या नावाने कमिट केलेला (रेपोत नोंदवलेला) असतो. स्क्वॉश करून मर्ज केलं (अनेक कमिट एकात गोळा करून मिसळले) असेल तर मूळ लेखक सहज नजरेआड होतो. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या ब्लेमवर विसंबू नका. कोणी एकदा फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालवला की सगळ्या ओळी त्याच्याच नावावर दिसतात.

मग बाहेरचा कोड. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेले तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक परवान्याखाली (बदललेली कृतीही त्याच परवान्याने द्यायची) येतात. आणि संख्यात्मक कामात हमखास सापडणारी गोष्ट: जीएनयू सायंटिफिक लायब्ररी किंवा एफएफटीडब्ल्यू, म्हणजे गणिताच्या तयार कोडचे संच. दोन्ही जीपीएलखाली आहेत, म्हणजे त्या जोडून वाटलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही खुला द्यावा लागतो. ती लिंक करून वाटलेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या बंद उत्पादनात बसणार नाही. एफएफटीडब्ल्यूपुरता मार्ग आहे: ती एमआयटीत तयार झाली आणि एमआयटी तिचा वेगळा व्यावसायिक परवानाही विकते. तुम्हाला नेमकं हेच करायचंय, खुलंही आणि विकाऊही. त्यासाठी प्रत्येक ओळीची मालकी किंवा पुरेसा परवाना हातात लागतो.

प्रयोगशाळेचं नाव काढा. ती स्वतंत्र कायदेशीर संस्था नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलींवर विभागाचं नाव नाही, "कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रीजंट्स" असं आहे, कारण कायद्याने विद्यापीठ म्हणजे तेच मंडळ. तुमच्या विद्यापीठाचं अधिकृत नाव त्याच्या स्थापनेच्या कायद्यातून घ्या. ओळ साधी ठेवा: © चिन्ह, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, मालकाचं नाव, खाली परवान्याचं नाव. लेखकांची नावं वेगळ्या फाइलमध्ये, पण ती हवीतच. मालकी गेली तरी श्रेय जाता कामा नये.

या ओळी शोभेच्या नाहीत. युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज (एटी अँड टीने आपल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काढलेली कंपनी) आणि बर्कली यांचा बीएसडीवरून झालेला वाद १९९४ मध्ये मिटला तेव्हा सुमारे १८ हजार फाइलींतून फक्त तीन काढाव्या लागल्या आणि साधारण ७० फाइलींवर त्या कंपनीची कॉपीराइट ओळ घालावी लागली. उलट एटी अँड टीच्या युनिक्समध्ये बर्कलीचा कोड होता आणि त्यावरून बर्कलीचं नाव पुसलेलं होतं, तो मुद्दा विद्यापीठाच्या बाजूने फार उपयोगी पडला.

भूजलगट
फार मदत झाली. विद्यार्थिनी सही करायला तयार आहे. इंटर्न मात्र उत्तर देत नाही. त्याचं एक मॉड्यूल आहे, सिम्युलेशनची जाळी (मेश) वाचणारं, साधारण ९०० ओळींचं. यापुढच्या योगदानांसाठी लिनक्ससारखा डीसीओ (योगदानासोबत द्यायचं कोडच्या उगमाचं प्रमाणपत्र) ठेवला तर चालेल?

मसुदाकार
डीसीओमध्ये योगदान देणारा एवढंच सांगतो की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे. मालकी त्याच्याकडेच राहते. दुहेरी परवाना (खुला आणि व्यावसायिक) द्यायचा असेल तर हस्तांतरण, किंवा निदान पुढे परवाना देण्याचा हक्क देणारा योगदान करार, पहिल्या कमिटच्या आधी सही करून घ्या. विद्यार्थी शिकून गेल्यावर ती सही मिळवणं किती कठीण असतं ते तुम्ही बघतच आहात.

रेपोपाल
९०० ओळींसाठी थांबू नका, नव्याने लिहा. जाळीच्या फाइलचा फॉरमॅट आणि अपेक्षित आउटपुट एका कागदावर उतरवा आणि तो कोड कधीच न पाहिलेल्या पगारी माणसाकडून लिहून घ्या. कल्पना, पद्धत, गणित यांवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे तीच पद्धत वापरायला हरकत नाही. जुनं मॉड्यूल समोर ठेवून व्हेरिएबलची नावं बदलणं म्हणजे नव्याने लिहिणं नव्हे. तो कागद, तारखा आणि लिहिणाऱ्याचं नाव जपून ठेवा. जुनं मॉड्यूल असलेला इतिहास सार्वजनिक रेपोत नेऊ नका.

तंत्रहस्तांतरण
नोंदणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ती ऐच्छिक आहे, पण पुरावा म्हणून वजनदार; अमेरिकेत तिथल्या कृतींसाठी दावा लावायच्या आधी लागतेच. तिथे सोर्स कोडची पहिली आणि शेवटची २५ पानं द्यावी लागतात आणि गोपनीय भाग झाकता येतो. भारतात पहिली आणि शेवटची १० पानं, काहीही न झाकता. म्हणून पासवर्ड, गुप्त की, अंतर्गत सर्व्हरचे पत्ते आधीच काढून टाका. नोंदणी एका ठरावीक आवृत्तीची होते, तेव्हा गिटमध्ये टॅग (त्या आवृत्तीची खूण) लावा आणि त्याच टॅगवरून पानं छापा. आणि इंटर्नचं मॉड्यूल बदलून झाल्यावरच अर्ज करा, नाहीतर मालकाच्या रकान्यात खोटी माहिती जाईल.