स्त्रियांच्या कथेतला 'मी' एवढा का खुपतो?

पानगळ
'हल्लीच्या लेखिका आणि त्यांचं रडगाणं' ही पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते. त्या पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या बायका सगळं प्रथमपुरुषीत लिहितात, तो 'मी' म्हणजे नाव बदललेल्या त्या स्वतःच असतात, कथानक नसतं, पत्रं आणि आठवणी एकापुढे एक ठेवल्या की झाली कादंबरी, आणि वर स्त्रीवाद म्हटलं की टीका करायची सोय उरत नाही.

'पण लक्षांत कोण घेतो!' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. ती सबंध कादंबरी यमूच्या तोंडून आहे. लग्न, सासर, वैधव्य, केशवपन, सगळं 'मी'तच. लिहिणारे हरिभाऊ आपटे. त्याला कुणी रडगाणं म्हटलं नाही, आपण ती मराठी सामाजिक कादंबरीचा पाया म्हणून शिकतो. १९३३ साली एका बाईने टोपणनावाने लिहिलेला 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, तेव्हा मात्र लोकांना आधी हवं होतं ते 'ही विभावरी शिरूरकर कोण?' याचं उत्तर. कथा कशी बांधली आहे हे कुणी विचारायच्या आतच बाईचा शोध सुरू झाला. पुरुषाने बाईचा 'मी' लिहिला तर ती कला, आणि बाईने लिहिला तर कबुलीजबाब?

आता पत्रांचं. गौरी देशपांडेंच्या 'कारावासातून पत्रे'चंच घ्या. पत्रात एकच बाजू ऐकू येते, समोरच्याचं उत्तर आपल्याला रचावं लागतं. जिच्याबद्दल एरवी इतर सगळे बोलतात, ती काय सांगायचं आणि काय गाळायचं हे इथे स्वतः ठरवते. हे तंत्र नाही तर काय आहे?

कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये (२००५) नायिका प्रफुल्लाचा 'मी' आहे, पण ती बरीचशी ऐकणारी आहे. पंचायतीत आरक्षणामुळे निवडून आलेल्या बायका आपापल्या भाषेत बोलत जातात आणि हिचा स्वतःचा मोडलेला संसार त्यांच्या शेजारी वेगळाच दिसायला लागतो. आणि उर्मिला पवारांच्या 'कवच'मध्ये तर 'मी'च नाही. आंबे विकणाऱ्या बाईची ती गोष्ट तिच्या शाळकरी मुलाच्या नजरेतून आहे. गिऱ्हाइकांचं द्वयर्थी बोलणं त्याला ऐकवत नाही, त्याला आईचीच लाज वाटते, आणि आई त्या पुरुषांना पुरून उरते. एका पोराच्या शरमेतून बाईची ताकद दाखवायला किती कसब लागतं! हे न वाचता 'सगळ्या सारख्याच लिहितात' म्हणायचं?

तिरकस_रेघ
ती पोस्ट माझीच, म्हणून उत्तर देणं भाग आहे. आपट्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. यमूच्या 'मी'भोवती सबंध वाडा जिवंत आहे. शंकरमामंजी आठवा. त्या माणसाचा राग येतो, कारण तो पुरता माणूस आहे, त्याची बोलायची ढब आहे, ढोंग आहे. यमूची मैत्रीण दुर्गी आहे, तिची वेगळी कहाणी आहे. आजच्या कुठल्या लेखिकेने असा शंकरमामंजी लिहिला? दिवाळी अंक काढा. नवरा पेपर वाचत असतो, 'चहा टाक' म्हणतो, त्याचं काम संपतं. सासू टोमणा मारते, तिचं काम संपतं. एकाच डोक्याला खिडकी, बाकी सगळी माणसं पुठ्ठ्याची. स्त्रीवादाशी माझं भांडण नाही. पण तुमची बाजू बरोबर आहे म्हणून पात्रं आपोआप उभी राहत नाहीत.

उंबरठा
रेघ, दिवाळी अंकातल्या कथांबद्दल तुमचं काही अंशी पटतं. पण 'मी' लिहिल्यावर घरी काय होतं ते ऐका. माझी एक कथा छापून आली होती. बाई रात्री घर सोडून एसटी स्टँडवर जाऊन बसते आणि पहाटे परत येते, एवढीच गोष्ट. अंक आला आणि दोन दिवसांत नवऱ्याला त्याच्या आतेभावाचा फोन: "वहिनी ठीक आहेत ना? काही झालंय का तुमच्यात?" सासूबाईंनी तर विचारलं, "कुठल्या स्टँडवर गेली होतीस गं?" मी आयुष्यात अशी गेले नव्हते. पुढची कथा मी मुद्दाम 'ती' करून लिहिली, गाव बदललं, नोकरी बदलली, आणि कथा मेली. भीतीने निवडलेलं तृतीयपुरुषी निवेदन लगेच कळतं. कुठल्या लेखकाला त्याच्या बायकोचे नातेवाईक फोन करून विचारतात हो, की त्या खुनाचं काय झालं?

दिंडी_दरवाजा
मूळ रोग वरचा आहे. साहित्य संमेलनाचंच बघा. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८चं, आणि पहिली स्त्री अध्यक्ष १९६१ साली, कुसुमावती देशपांडे. नंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ला तारा भवाळकर. संपली यादी. बाकी सगळे पुरुष, आणि हीच पुरुष मंडळी ठरवणार तंत्र म्हणजे काय ते. मी हे दर धाग्यावर लिहितो आणि लिहीत राहणार.

तिरकस_रेघ
दादा, अध्यक्षपदाने निवेदनपद्धती ठरत नाही. वेगळा धागा काढा.

बालाघाट
तुम्ही सगळे 'मी' की 'ती' यावर भांडताय. तो 'मी' बोलतो कुठल्या मराठीत, हे कुणी विचारणार आहे का? गौरी देशपांडेंच्या नायिका मला कॉलेजात दिल्या गेल्या तेव्हा वाटलं, या बायांना बंड करायला परदेश आहे, इंग्रजी आहे, घरात कामाला बाई आहे. ती कामवाली बाई गोष्टीत दोन वाक्यं बोलते, तीही 'वैनी, म्या जाते' छापाची. निवेदन तिचं कधीच नसतं.

आता माझं. मी बीड जिल्ह्यातली. एका अंकाला कथा पाठवली, निवेदनासकट आमच्या बोलीत. पहिलं वाक्य होतं, "सांजच्याला माय दळाया बसली का घर निवांत व्हायचं." संपादकांचा निरोप आला: संवाद तसेच ठेवा, गोड आहेत, निवेदन तेवढं प्रमाण भाषेत करून द्या. नमुन्याला त्यांनीच करून दिलं होतं: "संध्याकाळी आई दळायला बसली की घर शांत होत असे." या 'होत असे'मधून माझी माय निघून गेली! कथा मी परत मागवली. म्हणजे आम्ही फक्त अवतरणचिन्हात बोलायचं, आणि आमच्याबद्दल सांगणारा मात्र शहाण्या भाषेतला असणार. हे तुमच्या तंत्राच्या चर्चेत कुठं बसतं?

तिरकस_रेघ
संपादकाची बाजूही असते. सबंध निवेदन बोलीत असलं की दुसऱ्या भागातल्या वाचकाला दहा पानांवर थकवा येतो. वाचकापर्यंत पोचणं हासुद्धा तंत्राचाच भाग आहे.

बालाघाट
थकवा कुणाला येतो? आम्ही शाळेपासून तुमची पुणेरी मराठी वाचत आलो, आम्हाला नाही आला? आला असेल तरी कुणी विचारलं? तुम्हाला दहा पानं सोसत नाहीत आणि आम्ही जन्मभर सोसायचं?

बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८२मध्ये 'स्त्री' मासिकात आलं, १९८६ला पुस्तक झालं. 'स्त्री'च्या वाचक बायका काही महारवाड्यातल्या नव्हत्या. वाचलं ना त्यांनी? आणि त्या पुस्तकात 'मी'पेक्षा 'आम्ही' मोठा आहे. बाई स्वतःबद्दल कमी आणि वस्तीबद्दल जास्त सांगते. आजच्या स्त्रीवादी कथेत एकटीचा 'मी' म्हणजेच आधुनिकता, असं का धरलंय सगळ्यांनी?

पानगळ
बालाघाट, 'जिणं आमुचं'बद्दल आदरच आहे. पण ते आत्मकथन आहे, इथे कथा-कादंबरीच्या निवेदनाबद्दल चाललंय. दोन्हींचे नियम वेगळे असतात.

बालाघाट
ताई, हीच ती फडताळं. वरच्या घरातल्या बाईने लिहिलं की कादंबरी, त्यात तंत्र शोधायचं. दलित बाईने लिहिलं की आत्मकथन, त्यात फक्त दुःख शोधायचं. बेबीताईंनी 'आम्ही' का निवडलं यावर कुणी निवेदनतंत्र म्हणून बोललं की सांगा. तुमच्या गौरीताईंच्या पत्रांवर मात्र पानंच्या पानं.

पानगळ
'तुमच्या' म्हणू नका, मी कुणाची वकील नाही. शांतपणे एवढंच बघा: उर्मिलाताईंचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह १९८८चा, 'चौथी भिंत' १९९०चा, आणि 'आयदान' हे आत्मकथन आलं २००३मध्ये. आधी पंधरा वर्षं त्या कथाकार म्हणून लिहीत होत्या. आज नाव काढलं की दहातले नऊजण 'आयदान' म्हणतात. का? कारण वाचकाला बाईने रचलेलं नको असतं, तिचं 'खरं' हवं असतं. उंबरठाच्या सासूबाईंचा प्रश्न तोच. तुमच्यावर त्या प्रश्नाचा दुप्पट भार आहे हे मला दिसतं, पण प्रश्न तोच आहे.

बालाघाट
एवढं पटलं. पण 'तोच' नाही. उंबरठाताईंना निदान विचारलं तरी, "खरंच गेली होतीस का?" आम्ही खोटं रचू शकतो हे तर कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आम्ही कल्पना करू शकतो हेच अजून मान्य व्हायचंय.

उंबरठा
हे वाचून गप्प बसले. तुमची ती कथा मूळ रूपात कुठे आली का शेवटी?

बालाघाट
नाही. घरात पडून आहे. 'होत असे' करून तर छापणार नाहीच.

तिरकस_रेघ
काल रात्री 'कवच' शोधून वाचली. चांगली आहे, पानगळ, तुमचं म्हणणं तिथे खरं ठरतं. पुठ्ठ्याची माणसं नाहीत, बाजारातला टवाळ गडीही दोन वाक्यांत उभा राहतो. पण तेच तर मी म्हणत होतो. बाई 'मी'च्या बाहेर आली म्हणून तो पोरगा दिसला. आता अशाच कथा हल्लीच्या पाच लेखिकांकडून दाखवा, मी पोस्ट मागे घेतो.

पानगळ
पाच नावं देईन, पण अट तुमची नको. 'मी'च्या बाहेर आल्यामुळे पोरगा दिसला असं नाही, पोराच्या डोळ्यांनी काय दिसेल हे लेखिकेला आधीच ठाऊक होतं. आणि मघाशी ज्या बोलीने दहा पानांत थकवा येतो म्हणालात, तीच आहे ना तिथल्या माणसांच्या तोंडी? थकलात का?

तिरकस_रेघ
संवादात आहे. निवेदनात नाही.

बालाघाट
बघा. आलो पुन्हा तिथेच.