रोजच्या पर्समध्ये फर्स्ट एडचं नेमकं काय ठेवता?

बदलापूर_फास्ट
गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. संध्याकाळची बदलापूर लोकल, लेडीज डबा, ठाण्याला चढताना नेहमीची रेटारेटी झाली आणि दारातल्या एका ताईंचा हात मधल्या दांड्यावर आपटला, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या त्या फुटल्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चांगलंच कापलं. रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. एवढा भरलेला डबा, प्रत्येकीकडे पर्स, पर्समध्ये कंगवा टिकल्या सेफ्टी पिना, एकीकडे तर निवडलेली मेथी, पण जखमेवर ठेवायला स्वच्छ कापडाचा एक तुकडा निघेना. शेवटी कॉलेजच्या एका मुलीने पटकन सॅनिटरी पॅड काढून दिलं, ते मनगटावर ठेवून मी माझ्या ओढणीने आवळून बांधलं. थांबलं का थांबलं का करत दर दोन मिनिटांनी उघडून बघत होतो आणि उघडलं की परत सुरू. डोंबिवलीला उतरवून दवाखान्यात नेलं, टाके पडले, आता बऱ्या आहेत.

तर प्रश्न असा की रोज जवळ नेमकं काय ठेवायचं? डबा, छत्री, पाण्याची बाटली यानेच खांदा मोडतो, म्हणजे मोठा बॉक्स जमणार नाही. घरी सात वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्यासोबतही बाहेर जाणं होतंच. आणि पॅड लावलं ते चुकलं का?

कॅज्युअल्टी_सिस्टर
ताई, अजिबात चुकलं नाही. पॅड पाकिटातलं स्वच्छ असतं, त्या वेळी हाताशी होतं ते वापरलंत, त्या मुलीला मनापासून शाबासकी द्या. फक्त एक लक्षात घ्या, पॅड रक्त शोषून घेतं, रक्त थांबवतो तो दाब. चुकलं ते उघडून बघण्यात. आत गुठळी धरायला लागलेली असते, तुम्ही कापड उचललं की ती त्याच्याबरोबर निघून येते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून घड्याळ लावून पूर्ण 10 मिनिटं तळव्याने दाबून धरायचं, हात वर उचललेला ठेवायचा, वरपर्यंत भिजलं तर खालचं न काढता त्यावरच दुसरं ठेवायचं. काच आत रुतलेली दिसली तर उपटायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. बांधून झालं की बोटं बघायची, गार पडली, निळी झाली, मुंग्या यायला लागल्या तर पट्टी फार आवळली गेलीय, जरा सैल करायची. आणि इतकं करूनही वाहायचं थांबत नसेल तर दाब न सोडता सरळ 108 ला फोन. टाके पडले त्या दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्यांनी विचारलं का तेही बघा, काच असो की खिळा, शेवटचं कधी घेतलं ते बऱ्याच जणांना आठवतच नाही.

पर्ससाठी मी सांगेन: निर्जंतुक गॉजची (जाळीदार कापडाच्या घड्यांची) चार-पाच पाकिटं, तीन इंची रोलर बँडेज एक, कागदी चिकटपट्टी, हँडीप्लास्टच्या सात-आठ पट्ट्या, बेटाडीन मलमाची छोटी ट्यूब, हातमोज्यांची एक जोडी. एवढं चष्म्याच्या केसएवढ्या चेनच्या पाऊचमध्ये मावतं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत चिकटतात आणि साफ करताना पेशंट कळवळतो, ते मी रोज बघते. डेटॉल पाणी न घालता तर कधीच ओतू नका. हातमोजे लोक वगळतात, पण अनोळखी माणसाचं रक्त आहे, आपल्या बोटाला साधी चीर असली तरी धोका असतो. नसतीलच तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला.

मेडिकल_काउंटर_सातारा
सिस्टरनी पट्ट्यांचं सांगितलं, मी गोळ्यांचं सांगतो. लोक दुकानात येतात, दोन पॅरासिटामॉल कापून नेतात, पर्समध्ये टाकतात आणि वर्षभराने खातात. स्ट्रिपवर एक्स्पायरी एका टोकालाच छापलेली असते, कापलेल्या तुकड्यावर नाव पण अर्धं आणि तारीख तर नाहीच. पूर्ण स्ट्रिप घ्या आणि तारखेच्या बाजूच्या गोळ्या शेवटी संपवा, नाहीतर पाऊचवर मार्करने लिहून ठेवा. मुलाचं औषध वजनावर असतं, मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देऊ नका, त्याच्या डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या.

पावसाळ्यात ताप आला की डिस्प्रिन किंवा ब्रुफेन घेऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलच बरी. छातीत दुखणाऱ्या माणसाला अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात हे खरं आहे पण आधी 108, फोनवर विचारून मगच, कारण अ‍ॅलर्जी किंवा अल्सर असेल तर तीच अंगाशी येते. आणि ओआरएस म्हणजे पावडरचं पाकीट, एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात घट्ट करून पाजू नका. ओआरएस नावाने गोड पेयाचे खोके विकले जायचे, 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याने, ते नाव वापरायला बंदी केली, तरी आजही गिऱ्हाईक सवयीने तेच मागतं म्हणून सांगतोय.

स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांनो, उन्हाळ्यात तिथे मलम पातळ होतं आणि पट्टीचा गोंद सुटतो, बॅगेतच ठेवा.

घाटवाटा_शनिवार
आमचा अनुभव उलटा आहे, सामान होतं पण येत काही नव्हतं. हरिश्चंद्रगड उतरताना एकाचा घोटा मुरगळला, सात जणांच्या सॅकमध्ये मिळून तीन क्रेप बँडेज (ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या) निघाली आणि एकालाही नीट बांधता येईना. आम्ही घोट्याभोवतीच गोल गोल गुंडाळलं, दहा पावलांत घसरून बुटात गोळा. नंतर शिकलो, बोटांच्या मागून सुरू करायचं, टाचेवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घोट्याच्या वर आणायचं, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. घरी टीव्ही बघता बघता स्वतःच्या पायावर चार वेळा बांधा, हाताला सवय होते.

आणि साप चावला तर करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं यातलं काहीही नको. अंगठ्या, पैंजण काढा, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा, विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं. त्याला पाऊचमधलं काहीच कामाचं नाही.

गोड_घरचे
सासूबाईंसाठी ग्लुकोजची पावडर ठेवाच. शुगर एकदम खाली गेली की लगेच साखर लागते. माझ्या बाबांना तसंच झालं, बँकेच्या रांगेत दरदरून घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध, लोकांना वाटलं प्यायलेत. तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत बघायचं, बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. पण बेशुद्ध असतील तर तोंडात थेंबही नको, कुशीवर वळवा. एका कागदावर आजार, चालू गोळ्या, घरचा नंबर लिहून पाऊचमध्ये घाला, मोबाईलला लॉक असतो.

बदलापूर_फास्ट
सगळ्यांना खरंच थँक्यू. उघडून बघायचं नाही हे एवढं साधं कुणी शाळेत सांगितलं असतं तर त्या ताईंचं कितीतरी रक्त वाचलं असतं. अजून एक, त्या दिवशी काही जणी पोलिसांचं लफडं नको म्हणून मागे सरकल्या, त्याचं काय? आणि मुलगा किचनमध्ये लुडबुडतो, भाजलं तर पर्समध्ये मलम ठेवू का?

कॅज्युअल्टी_सिस्टर
भाजल्यावर पहिलं औषध नळ. 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. सूज यायच्या आत कडं, अंगठी काढा. पोलिसांचं म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीमुळे मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. लोकलमध्ये तर बांगडी फुटली होती ताई, त्यात कसले पोलीस. पुढच्या वेळी त्यांना हे जरूर सांगा.

बदलापूर_फास्ट
सांगते. काल कल्याणला उतरून सगळं घेतलं, हातमोजे दुसऱ्या दुकानात मिळाले. रात्री मुलाच्या हातावर रोलर बँडेज बांधून बघितलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा टिकलं, तो तसाच झोपला. पाऊच पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आणि त्यात दोन पॅडपण ठेवलीत.