मदत हवी आहे: स्मार्टवॉचवर कॉल येतात, मेसेज मात्र अडकतात

अँड्रॉइड १४ चा फोन, कॉलिंगची सोय असलेलं घड्याळ. फोन आला की मनगटावर वाजतो, बोलताही येतं. पण स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की व्हॉट्सॲपचे मेसेज घड्याळावर येणं थांबतं. घड्याळाचं ॲप उघडलं की लगेच सुरू. पेअरिंग पुन्हा करून पाहिलं, नोटिफिकेशनची परवानगीही दिली आहे. फोन खिशातून न काढता कोणाचा मेसेज आहे ते कळावं, यासाठीच तर घड्याळ हवं होतं. दोष कशात आहे?

प्रतिसाद: निळादात
फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये. ॲप उघडताच सुरू होतं, यावरूनच कळतं. अशा घड्याळांच्या फोनशी सहसा दोन जोडण्या असतात. बोलण्यासाठी हेडसेटसारखं साधं ब्लूटूथ, ते फोनची सिस्टीम सांभाळते. मेसेज, पावलं, ठोके यांसाठी ब्लूटूथ लो एनर्जी, आणि ती जोडणी घड्याळाच्या ॲपच्या जिवावर चालते. बॅटरी वाचवायला फोनने ॲप झोपवलं की मेसेज बंद, कॉल चालूच.

सेटिंग्ज > ॲप्स > घड्याळाचं ॲप > बॅटरी इथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही चालू करा.

परवानगीचं काय केलंत ते तपासा. ॲपने स्वतःची नोटिफिकेशन्स दाखवणं वेगळं आणि इतर ॲप्सची वाचणं वेगळं. घड्याळाला दुसरी लागते: 'नोटिफिकेशन ॲक्सेस'. ती बंद करून परत चालू करा, मग फोन रीस्टार्ट. ॲप प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइलमधून टाकलं असेल, तर अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी अडवलेली असू शकते. ॲप इन्फोमधल्या तीन टिंबांत 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' सापडेल.

प्रतिसाद: मनगटी
बरोबर. फक्त चाचणी घाईने करू नका, इथेच बरेच जण फसतात. सेटिंग बदलल्यावर लगेच मेसेज पाठवला तर तो येणारच, कारण फोन अजून जागा असतो. चार्जर काढा, स्क्रीन बंद करून फोन तासभर न हलवता ठेवा आणि मग दुसऱ्या नंबरवरून मेसेज पाठवा. चार्जिंगवर असताना फोन गाढ झोपेत जातच नाही, त्यामुळे ती चाचणी निरुपयोगी.

म्यूट केलेल्या ग्रुपचे मेसेज शोधत बसू नका. फोनवर नोटिफिकेशन नाही तर घड्याळावरही नाही.

पुन्हा पेअर करायची वेळ आलीच, तर आधी ब्लूटूथच्या यादीतून घड्याळाच्या दोन्ही नोंदी काढा. जोडणी ॲपमधूनच सुरू करा, ब्लूटूथच्या मेनूतून नको.

प्रश्नकर्ता
अनरिस्ट्रिक्टेड केल्याने फोनची बॅटरी लवकर संपेल का?

प्रतिसाद: निळादात
फारशी नाही, लो एनर्जी नावाप्रमाणेच आहे. घड्याळाची मात्र संपेल, कारण प्रत्येक मेसेजला स्क्रीन उजळते आणि मोटर थरथरते. ॲपमध्ये कॉल, मेसेज, कॅलेंडर एवढंच चालू ठेवा. खरेदीच्या जाहिराती मनगटावर कशाला?