इंदूर–मुंबई–दुबई–शिकागो : नानांच्या बिडीची सोय कुठे होईल?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी,

माझे सासरे (आम्ही नाना म्हणतो), वय ७२, नोव्हेंबरात धाकट्या दिरांकडे शिकागोला निघालेत. इंदूर–मुंबईचं तिकीट वेगळं, पुढचं मुंबई–दुबई–शिकागो एकत्र. एकटेच जाणार. पायाने ठणठणीत आहेत, पण इंग्रजीची धास्ती, म्हणून व्हीलचेअर लिहून घेतली आहे.

अडचण बिडीची. मिलमध्ये लागले तेव्हापासूनची सवय. सकाळी पोहे-जलेबी झाली की पहिली, मग दिवसभर ओट्यावर बसून. घरात ओढत नाहीत, एवढं सासूबाईंनी आयुष्यात मिळवलं. डॉक्टर सांगून थकले, आम्हीही थकलो. तेव्हा "सोडायला सांगा" हे उत्तर कृपा करून नको.

दुबईत साडेतीन तासांचा मुक्काम आहे आणि पुढे सलग पंधरा तास विमानात. त्यांच्या कट्ट्यावरच्या कोणीतरी सांगितलंय की विमानातल्या संडासाच्या दाराला राखदाणी असते. नानांचा हिशेब सरळ: "राखदाणी लावलीय म्हणजे चालत असणार." हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

मुंबईत, दुबईत, शिकागोत नेमकं कुठे ओढता येईल? आणि माचिस कशी न्यायची?

---

अलकापुरी_बडोदे

माचिस न्यायचीच नाही. लायटरही नाही. हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही. आपल्याकडे दोन्हीला बंदी आहे. आम्ही बडोद्याचे लोक परदेशी जायला बहुतेक अहमदाबाद गाठतो. तिथे सिक्युरिटीला माझ्या मेहुण्याच्या शर्टाच्या खिशातून, पाकिटातून आणि बॅगेच्या चोरकप्प्यातून अशा तीन माचिस निघाल्या. त्यालाच पत्ता नव्हता. नानांचे सगळे खिसे आदल्या रात्री तुम्ही स्वतः तपासा.

आणि कोणी "ई-सिगारेट घेऊन द्या" म्हणालं तर ऐकू नका. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे.

---

पीथमपूरवाला

वहिनी, मी स्वतः ओढणारा, आणि मशिनरीच्या सुट्या भागांच्या धंद्यापायी आखातात-युरोपात येणं-जाणं चालू असतं. म्हणजे विषय जिव्हाळ्याचा. जरा सविस्तर लिहितो.

आधी राखदाणीचं मिटवू. ती असते, हे खरं. जुलै १९७३ मध्ये रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिग कंपनीच्या बोइंग ७०७ मध्ये मागच्या संडासात आग लागली. कचऱ्याच्या डब्यात कोणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक, असाच बहुधा प्रकार. ओर्ली विमानतळ अगदी समोर असताना विमान शेतात उतरवावं लागलं. १३४ पैकी १२३ माणसं गेली, बरीचशी धुराने गुदमरून. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने संडासात राखदाणी सक्तीची केली. पुढे विमानात ओढायलाच बंदी आली, तरी राखदाणी राहिली. कारण एखादा महाभाग चोरून ओढणारच. मग त्याचं जळतं थोटूक कागदाच्या डब्यात पडण्यापेक्षा राखदाणीत पडलेलं बरं. नानांना हे आकड्यांसकट सांगा. मिलमध्ये काम केलेल्या माणसाला आग म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

शिवाय संडासात धूर पकडणारं यंत्र असतं. ते वाजलं की विमान कंपनीची तक्रार, उतरल्यावर पोलीस, आणि "नो फ्लाय" यादीत नाव. व्हिसावर अमेरिकेत शिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

आता मुक्काम एकेक घेऊ.

इंदूर : बिजासनच्या रस्त्याला गाडीतून उतरलात की टर्मिनलच्या दारापासून लांब, बाजूला उभं राहून काय ते उरकून घ्या. दारात सीआयएसएफवाला तिकीट बघून आत सोडतो, त्यानंतर पुन्हा बाहेर येणं म्हणजे कटकट.

मुंबई : इथे तुमची दोन तिकिटं वेगळी आहेत ते पथ्यावर पडलंय. सामान घेऊन नाना बाहेर येणारच. इंदूरचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल २ ला रस्त्यानेच जावं लागतं, म्हणजे आणखी बरं. २००३ च्या तंबाखू कायद्यात विमानतळाला ओढायची वेगळी खोली करण्याची मुभा आहे, आणि २००८ च्या नियमांत ती कशी हवी तेही लिहिलंय : चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा. तशी पाटी आत दिसली तर उत्तम, पण हिशेब बाहेरच्याच बिडीचा धरा. आणि बाहेर म्हणजे दाराच्या तोंडाशी नव्हे. सार्वजनिक जागी ओढल्याचा दंड २०० रुपयांपर्यंत आहे. पैशाचं काही नाही, पण प्रवासाच्या दिवशी कोणाशी हुज्जत कशाला?

दुबई : ही खरी जागा. टर्मिनल ३ च्या काँकोर्समध्ये, म्हणजे सिक्युरिटीच्या आतच, ओढायच्या खोल्या आहेत. सिगारेटच्या चित्राची पाटी बघत जायचं. विमान बदलणाऱ्यांची तिथे पुन्हा तपासणी होते, ती आटोपून मगच खोली शोधायची. काचेची खोली, उंच टेबलं, मध्ये राखेचे खड्डे, वर एक्झॉस्टची घरघर. धूर इतका असतो की माझ्यासारख्याचेही डोळे चुरचुरतात. दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी निम्मं काम होतं. विस्तव मिळतो. आत अर्धे लोक आपल्याकडचे नाहीतर पाकिस्तानी-बांगलादेशी, "भाई, माचिस?" म्हटलं की तीन हात पुढे येतात. नानांना इंग्रजीची गरज पडणार नाही, याची खात्री ठेवा.

फक्त तुमची व्हीलचेअर आड येणार आहे. ढकलणाऱ्या पोराला एका म्हाताऱ्याला सोडून लगेच दुसऱ्याला आणायचं असतं, तो खोलीबाहेर ताटकळत बसत नाही. बहुतेक वेळा सगळ्या खुर्च्या एका कोपऱ्यात लावून ठेवतात, आणि तिथून उठलेला माणूस नंतर शोधायचा कुठे! नानांना चालता येतंय ना? मग खुर्चीने गेटपर्यंत जायचं, गेटचा नंबर कागदावर लिहून घ्यायचा, किती वाजता परत यायचं ते त्या पोराला हिंदीत विचारायचं, आणि मग पायी खोलीकडे. गेट विमान सुटायच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणून तासभर आधीच जागेवर. साडेतीन तासांत उतरणं, तपासणी, चालणं हे सगळं धरलं तर हातात फार काही उरत नाही. तारीख बदलायची संधी मिळाली तर पाच तासांचा मुक्काम घ्या. खोली कुठे आहे यापेक्षा तिथे पोचायला वेळ आहे का, ते बघावं लागतं.

एक मात्र बरं केलंत, लंडनमार्गे नाही घेतलं. हीथ्रोत टर्मिनलच्या आत कुठेच ओढता येत नाही. फ्रँकफर्टला केबिन आहेत. अमेरिकेत तर उलटी गंगा आहे, अटलांटाने असलेल्या खोल्याही २०२० च्या सुरुवातीला बंद केल्या.

दुबईहून निघताना अंगावरचा शर्ट बदलायला सांगा. शेजारच्याला पंधरा तास तो वास घ्यायचाय.

---

ओक_ब्रुक_इलिनॉय

शिकागोचं मी सांगते. ओहेअरच्या टर्मिनल ५ ला उतरतील. आत कुठेही नाही. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स सगळं होऊन बाहेर पडेपर्यंत दीड-दोन तासही जाऊ शकतात, आणि त्या रांगेत माणूस सगळ्यात जास्त वैतागलेला असतो. बाहेर आल्यावरही दारापासून १५ फूट लांब, हा इथला २००८ पासूनचा राज्याचा कायदा. नोव्हेंबर आहे, कानटोपी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नको.

आणि महत्त्वाचं : इलिनॉयमध्ये बिडी विकायला कायद्यानेच बंदी आहे. डेव्हन अव्हेन्यूवर साबुदाणा, कुरडया, सगळं मिळतं, बिडी नाही. नानांनी सिगारेटची तयारी ठेवावी. स्वतःपुरत्या २०० सिगारेटी करमुक्त आणता येतात, म्हणजे एक कार्टन. कस्टम्सवाल्याने विचारलं तर "आहेत" म्हणायचं, लपवायचं नाही.

---

रामबाग_इंदूर

पीथमपूरवाले भाऊ, व्हीलचेअरचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. राखदाणीची गोष्ट संध्याकाळी वाचून दाखवली. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कापसाच्या खात्यात आम्ही खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय आत जात नव्हतो." तेवढ्यावर तो विषय संपला.

पण त्या पंधरा तासांचं काय? निकोटीनचं च्युइंगगम म्हणतात ते चालेल का? बीपीची गोळी चालू आहे.

---

लष्कर_ग्वाल्हेर

मी डॉक्टर आहे, म्हणून उत्तर देतो. तुम्ही सांगितलंत म्हणून सोडण्याबद्दल काही बोलत नाही.

गम चालतं, पण बीपी आहे तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि पूर्वी कधी छातीत दुखलं असेल तर तेही सांगा. २ मिलीग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं. लोक ते साध्या गमसारखं कचाकचा चावतात, मग उचकी लागते, मळमळतं, आणि "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. हळूहळू चावायचं, चव तिखट लागली की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तसं गालात धरून ठेवायचं. चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. चहा-कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेऊ नका, त्याआधी पंधरा मिनिटंही नको; निकोटीन नीट शोषलं जात नाही. विमानात चहा आला की म्हातारी माणसं नाही म्हणत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

पहिल्यांदा विमानात नको. निघायच्या आधी पंधरवडाभर घरीच, दुपारच्या दोन बिड्यांच्या जागी देऊन बघा. आणि विमानात दर दोनेक तासांनी उठून खुर्च्यांमधल्या गल्लीत चालायला सांगा. तेवढा वेळ बसून राहिल्याने पायात गुठळी होण्याचा धोका असतो, ओढणाऱ्याला जास्तच.

---

अलकापुरी_बडोदे

डॉक्टरसाहेब, गम सिक्युरिटीत अडवत नाहीत ना?

---

लष्कर_ग्वाल्हेर

नाही. मूळ पाकिटातच ठेवा, सुटं खिशात नको. बरोबर बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी असू द्या.

---

रामबाग_इंदूर

सगळ्यांचे आभार. दिरांशी बोलले, दुबईचा मुक्काम वाढवून मिळतोय का ते बघताहेत. गम आजच आणलं. नानांनी एक खाल्लं आणि म्हणाले, "चुना कमी आहे."

---

पीथमपूरवाला

वहिनी, एक राहिलं. सिगारेटचं कार्टन मुंबईत घ्यायला सांगू नका, दुबईच्या ड्यूटी फ्रीला घेऊ द्या, एक ओझं कमी. पण दुबईतल्या खोलीपुरतं एखादं पाकीट इंदुरातूनच खिशात असू द्या. नुसत्या बिडीवर राहू नका. ती सतत ओढत राहिली नाही तर विझते, आणि विझली की पुन्हा माचिस मागायची. दुसऱ्यांदा देतात, तिसऱ्यांदा बघतात.