टोकियोला जोडीने राहायला जातोय: घर कुठे घ्यावं, आणि माझा दिवस कसा जाईल?

अर्धा कप चहा

धागा काढण्यास कारण की, नवऱ्याला टोकियोत नोकरी मिळाली आहे. ऑफिस ओतेमाचीला. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. मी पुण्यात बँकेत होते, मागच्या महिन्यात राजीनामा दिला. मी डिपेंडंट व्हिसावर येणार आहे.

पहिला महिना कंपनी राहायला जागा देणार, त्यानंतर घर आपलं आपण बघायचं. मिताका किंवा निशि-कासाई, इथवर आलोय. दोन्हीकडून तोझाई लाईनने गाडी न बदलता ओतेमाचीला जाता येतं. नवऱ्याला मिताका आवडलंय, कारण झाडी आहे आणि शांत आहे. ज्यांनी दोन्ही भाग पाहिलेत त्यांनी सांगा.

दोघंही शाकाहारी, मी अंडं खाते, तो तेही नाही. सामानात काय आणावं, काय आणू नये? जपानी लिप्यांपैकी मला हिरागाना येते, काताकाना अर्धी झाली आहे.

आणि खरा प्रश्न. नवरा सकाळी आठला बाहेर पडला की रात्री नऊला येणार. मला बारावीनंतर एक दिवससुद्धा रिकामं बसायची सवय नाही. ह्याची मला भीती वाटतेय आणि घरी कुणाला बोलले नाहीये. ह्यातून गेलेल्यांनी मोकळेपणाने लिहा, प्लीज.

तोझाई प्रवासी

अभिनंदन. माझं मत मिताका. तोझाई लाईनच्या बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे रांगेत थोडं आधी उभं राहिलं की बसायला जागा मिळते. निशि-कासाईहून ओतेमाची वेळेने जवळ आहे, पण सकाळी त्या बाजूने येणारी गाडी म्हणजे विरार लोकलची आठवण. करोनाच्या आधी किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा टोकियोतल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या टप्प्यांत मोजला जायचा.

शिवाय निशि-कासाईत सगळे आपलेच लोक. तिथे राहिलात तर जपानी शिकणं मागे पडतं, हे मी अनेकांचं पाहिलंय. मिताकाहून एका स्टेशनवर किचिजोजी, तिथलं इनोकाशिरा उद्यान तुम्हाला नक्की आवडेल.

खारी बिस्कीट

अर्धा कप, तुझा शेवटचा परिच्छेद वाचला आणि लिहायला बसले.

तोझाई प्रवासींचं बसायच्या जागेचं गणित बरोबर आहे, पण ते नवऱ्याचं गणित आहे. तो त्या घरात झोपायला येणार आणि शनिवार-रविवार असणार. दिवसाचे तेरा तास तिथे तू असणार आहेस. घर तुझ्या हिशेबाने घ्या. दारातून निघून दहा मिनिटं चाललीस तर कुठे पोचतेस, वाटेत कोण भेटतं, हे आधी बघ.

आम्ही २०१६ मध्ये आलो तेव्हा नवऱ्याला सोयीचं म्हणून कावासाकीकडे अकराव्या मजल्यावर घर घेतलं. नवीन इमारत, लख्ख उजेड, खाली स्टेशन. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आवडायचं. तिथे रोज संध्याकाळी पाचला रस्त्यावरच्या भोंग्यांतून एक संथ धून वाजायची. आपत्तीच्या वेळी सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना, हे तपासायला ती वाजवतात, आणि खेळणाऱ्या मुलांनाही कळतं की आता घरी जायचं. हे मला चार महिन्यांनी समजलं. तोवर एवढंच कळायचं की ही वाजली म्हणजे नवरा यायला अजून चार तास. हातात ओला फडका घेऊन तशीच खिडकीशी उभी राहायचे. आईला फोन करावा तर तिकडे दीड वाजलेला, ती जेवून नुकती आडवी झालेली. साडेतीन तासांचा फरक ऐकायला कमी वाटतो, पण नेमका नको तेव्हा आडवा येतो. नवऱ्याला ह्यातलं काही सांगितलं नाही, कारण तोही दमून यायचा. ती माझी चूक होती. तू पहिल्या आठवड्यापासून सांग.

वर्षभराने आम्ही निशि-कासाईला यूआरच्या घरात आलो. यूआर म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या वसाहती. इमारती जुन्या असतात, पण रेइकिन (घरमालकाला द्यायचा नजराणा) नाही, दलाली नाही, हमीदार लागत नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचा महिनाभर भाड्याएवढा भुर्दंड नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराची अट, बस. खासगी घरात शिरताना चार-पाच महिन्यांचं भाडं एकदम हातातून जातं आणि त्यातलं रेइकिन परत मिळत नाही.

इथे २००० सालच्या सुमारास वायटूकेच्या (संगणकांतल्या सन २००० च्या अडचणीच्या) कामासाठी आलेल्या इंजिनिअरांपासून आपली वस्ती वाढत गेली. २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. पण मला ह्या जागेने तारलं ते वेगळ्याच कारणाने. सकाळी दहाला खाली उतरलं की बाकावर कुणीतरी असतंच. तान्ही मुलं घेतलेल्या तेलुगू, तमिळ, बंगाली मुली, आणि त्यांच्याइतक्याच जपानी आज्या. त्यातल्या एका आजींनी मला वॉर्डाच्या सभागृहात भरणाऱ्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला हाताला धरून नेलं. फी नावापुरती. तोझाई प्रवासी, तुम्ही म्हणता तसे लोक मीही पाहिलेत, पण माझं जपानी इथेच सुधारलं. कावासाकीत वर्षभर ॲपवर शब्द पाठ केले आणि बोलायला माणूस नव्हतं.

मी निशि-कासाईच घे म्हणत नाही. मिताकाही असं असू शकेल. दलाल घर शनिवारी दाखवतो, नवरा बरोबर असतो, सगळं छान दिसतं. तू मंगळवारी सकाळी अकराला एकटी जा. भाजीचं दुकान, वाचनालय, दवाखाना, बसायला बाक, सगळीकडे चालत फिर. तिथे एक तास रमलीस तर घर घे.

निशि-कासाई ठरवलंत तर एक गोष्ट नीट समजून घ्या. एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या पुराच्या नकाशावर वॉर्डानेच ‘इथे थांबू नका’ असं छापलं होतं. मोठं वादळ येणार म्हटलं की आधीच दुसरीकडे जायचं, ही तयारी ठेवावी लागते. आम्ही म्हणूनच चौथ्या मजल्याच्या खाली घर पाहिलं नाही.

खाडीकाठ

मी कोबेला, आणि आमच्याकडे उलट आहे. नोकरी बायकोची, डिपेंडंट मी. चार वर्षं झाली. खारी बिस्कीट यांच्या शब्दाशब्दाशी सहमत.

अर्धा कप, आल्या आल्या इमिग्रेशन ऑफिसात कामाच्या परवानगीचा अर्ज करा, शिकाकुगाई कात्सुदो क्योका. ती मिळाली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. वर्षाची कमाई १३ लाख येनच्या आत राहिली तर सहसा नवऱ्याच्या आरोग्य विम्यावरच राहता, पण मोठ्या कंपनीत आठवड्याला २० तास किंवा जास्त काम केलं तर स्वतःचा विमा घ्यावा लागू शकतो. मी आधी एका बेकरीत पहाटेची पाळी केली. पगारापेक्षा रोज सकाळी ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणणारी पाच माणसं मिळाली, त्याचं मोल जास्त. जपानी चांगलं जमलं की बँकेच्या अनुभवावर स्वतःचा वर्क व्हिसा घेता येतो, तेव्हा पदवीची आणि अनुभवाची मूळ कागदपत्रं पुण्यात ठेवून येऊ नका. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते. डिसेंबरच्या एन-४ पातळीसाठी आत्ताच मनाशी ठरवा.

कोबेला कधी आलात तर कितानो भागातलं १९८५ सालचं जैन मंदिर दाखवीन.

अर्धा कप चहा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. खारी बिस्कीट ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मंगळवारी तू जा आणि तूच ठरव.

आता सामान. मिक्सर आणि कुकर आणू का? आणि बाहेर आम्ही काय खाणार?

वरणफळं

मिक्सरबद्दल मी सांगते, कारण मी एक जाळलाय. इथे वीज १०० व्होल्ट. आपला २३० व्होल्टचा मिक्सर थेट लावला तर नुसता कण्हतो, आणि मी ज्या ट्रान्सफॉर्मरवर लावला तो त्याच्या ताकदीला पुरणारा नव्हता. पुरेल असा ट्रान्सफॉर्मर विटेसारखा जड असतो. अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर मिळतो, तो आण. जरा सावकाश फिरतो, पण खोबरं-जिरं छान वाटतो. इथे भिंतीत दोन चपट्या पिनांची जागा असते, तिसऱ्या पिनेसाठी ॲडॅप्टर लागेल.

कुकर स्टीलचा आण. पुष्कळ घरांत इंडक्शन असतं आणि ॲल्युमिनियमचं भांडं त्यावर तापतच नाही. गॅसची जोडणी असेल तर शेगडी बहुतेक तुम्हालाच घ्यावी लागेल. घेताना घरात शहरी गॅस आहे की प्रोपेन हे दुकानदाराला सांगायचं, दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या. भाड्याच्या घरात पुष्कळदा दिवेसुद्धा नसतात हं! आम्ही पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात मेतकूट-भात खाल्ला. छतावर नुसती दिव्याची खाच होती. चावी घ्यायच्या दिवशीच एक दिवा आणि पडदे घेऊन जा.

खाण्याचं मोठं दुखणं म्हणजे दाशी. कात्सुओ माशाचा अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, वरून भाजीचा दिसणाऱ्या पदार्थातही असतो. ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन, कात्सुओ नो दाशि मो दामे देसु’ (मांस-मासे खाता येत नाहीत, कात्सुओची दाशीही चालत नाही) हे वाक्य पाठ करून टाका. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी तुम्हाला चालेल. आणि काताकाना आधी पूर्ण कर, हिरागानापेक्षा तीच स्वयंपाकघरात उपयोगी. पाकिटावर पोकु (पोर्क), चिकिन, एकिसु (अर्क), झेराचिन (जिलेटिन), रादो हे सगळं बहुतेक काताकानात असतं. पावातसुद्धा रादो म्हणजे डुकराची चरबी सापडते. अंडं आणि दूध लेबलवर वेगळं सांगणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे तुझ्या नवऱ्याला अंडं टाळणं सोपं. मासा सक्तीच्या यादीत नाही, म्हणून तिथेच फसायला होतं.

डाळी, कणीक, हिंग, मसाले आणू नकोस, सगळं मिळतं. कुरामाएचं अंबिका हे भारतीय किराणा दुकान, शिन-ओकुबोच्या गल्ल्या, आणि निशि-कासाईत तर पावलागणिक. गोठवलेली भेंडी आणि जिऱ्या-धन्यासाठी ग्योमु सुपर ही सुपरमार्केटं. मुळा दाइकोन, लाल भोपळा काबोचा, अळकुड्यांच्या जागी सातोइमो. तूप बिनमिठाच्या लोण्याचं कढवायचं. लोणी घेताना ‘मुएन’ आहे का विचार, म्हणजे मीठ नसलेलं. गोडा मसाला, भाजणी आणि आमसुलं मात्र घरची आण, ती इथे सहसा मिळत नाहीत.

ताजा कढीपत्ता, फळं, रोपं सामानात नको, विमानतळावर तपासणी होते. सर्दीच्या गोळ्या बघून घे. स्यूडोएफेड्रिनबद्दल इथले नियम कडक आहेत. रोजची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते.

जूनमध्ये येताय म्हणजे त्सुयुत, इथल्या पावसाळ्यात. कपाटात आर्द्रता शोषणारे डबे ठेव, नाहीतर लग्नाच्या साड्यांना बुरशी लागेल. माझ्या एका पैठणीला लागली, अजून हळहळते.

तोझाई प्रवासी

खारी बिस्कीट, पटलं. मी एकटा होतो तेव्हा घर घेतलं, त्यामुळे त्या बाजूने विचारच केला नव्हता.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, विमानतळावर मिळेल. पत्ता ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात दोघांनी नोंदणी करायची. घराबाहेर पडताना कार्ड कायम जवळ हवं. दवाखान्यात विम्याने ३० टक्के आपण भरायचे. मोठ्या इस्पितळात चिठ्ठीशिवाय थेट गेलात तर ७,००० येन किंवा जास्त वरून पडतात, म्हणून आधी जवळचा छोटा दवाखाना गाठा. आणि जुमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो. पहिल्या वर्षी काही येत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून पगार एकदम कमी दिसतो. ते पैसे आधीच बाजूला काढा.

भूकंपाचं दोघांनी मिळून ठरवून ठेवा: फोन लागला नाही तर कुठे भेटायचं. जवळचं हिनान्जो, म्हणजे आसऱ्याची जागा, चालत जाऊन बघून या. मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. घाबरू नका, मीटरवरचं बटण दाबून पुन्हा चालू करता येतो. आपत्तीच्या वेळी १७१ नंबरवर घरच्यांसाठी निरोप ठेवता येतो, तो अर्धा कप यांनीही एकदा वापरून बघावा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी चालू असतो.

अर्धा कप चहा

सगळं वहीत उतरवून घेतलं. १७१ दोघं मिळून करून बघू. मंगळवारचंही ठरलं, आधी निशि-कासाई, पुढच्या मंगळवारी मिताका.

एक शेवटचं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. यंदा सासूबाई म्हणाल्या, तिकडे जमेल तसं करा. उकडीच्या मोदकांना कुठलं पीठ घेऊ?

वरणफळं

जोशिन्को, म्हणजे साध्या तांदळाचं पीठ. साध्या सुपरमार्केटात मिळतं. शेजारीच शिरातामाको असतं, ते चिकट तांदळाचं, ते चुकून घेऊ नकोस. जोशिन्कोची उकड आपल्या आंबेमोहरापेक्षा थोडी चिवट होते, म्हणून पाणी जरा जास्त घाल आणि गरम असतानाच तेलाच्या हाताने मळ. गूळ संपला असेल तर ओकिनावाची कोकुतो साखर घे, सारणाला रंग आणि वास दोन्ही गुळाच्या जवळचे येतात.

खारी बिस्कीट

आणि निशि-कासाईला आलीस तर उकडीला मी येते. माझ्याकडे पितळी मोदकपात्र आहे, आईने सामानात घातलेलं.