विद्यापीठ आयटी पुरस्काराचं नामांकन: ५०० शब्दांत नेमकं काय मांडायचं?

एकच_किल्ली:
मध्यवर्ती आयटी विभागाच्या एका प्रकल्पाचं नामांकन भरायचं आहे. ईमेल, ग्रंथालय, परीक्षा अर्ज आणि अभ्यासक्रमाचं पोर्टल या चार ठिकाणचे चार पासवर्ड बंद करून एकच लॉगिन आणलं. त्यावर दुसरी पायरी म्हणून मोबाइल ॲपमधला कोड, आणि पासवर्ड विसरल्यास तो स्वतःच बदलायची सोय. सुरू होऊन सहा महिने झाले. अर्जाला ५०० शब्दांची मर्यादा, सोबत दोन चित्रं आणि एक शिफारसपत्र.

प्रकल्प गटात भरावं की व्यक्ती गटात? काम पाच जणांचं, पण मूळ खटपट त्यातल्या एका बाईंची. आकडे कोणते द्यायचे? आणि सुरुवातीचे दोन महिने गोंधळ झाला, तो लिहायचा की गाळायचा?

मसुद्याचं पहिलं वाक्य सध्या असं आहे: "अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना जागतिक दर्जाची, सुरक्षित व अखंड सेवा उपलब्ध करून देण्यात आली."

जुना_सर्व्हर:
ते वाक्य आधी काढा. ते कुठल्याही विद्यापीठाच्या कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येईल, आणि परीक्षकांनी त्या दिवशी तसली वीस वाक्यं वाचलेली असतात. त्याऐवजी: "परीक्षा अर्ज भरताना विद्यार्थ्याला तीन पासवर्ड लागत, आता एक लागतो, आणि तो विसरला तर रात्री दोन वाजताही हेल्पडेस्कविना बदलता येतो." काय होतं, काय झालं, कुणाला फरक पडला, एवढं पहिल्या ४० शब्दांत आलं पाहिजे.

गटाचं म्हणाल तर आधी पुरस्काराची जात ओळखा. एज्युकॉज या उच्च शिक्षणातल्या आयटीवाल्यांच्या अमेरिकी संघटनेचे नेतृत्व आणि उगवत्या नेतृत्वाचे पुरस्कार व्यक्तीचे आहेत. तिथे एक प्रकल्प पुरत नाही, त्या माणसाने संस्थेबाहेरच्या व्यवसायबंधूंसाठी काय केलं हे पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००० साली सुरू केलेला लॅरी सॉटर पुरस्कार प्रकल्पांचा. तिथे एका परिसरात सापडलेला तोडगा दुसऱ्या परिसराला उचलता येतो का, याला वजन होतं. एसीएम या संगणक क्षेत्राच्या संघटनेत विद्यापीठ-महाविद्यालयांच्या संगणक सेवांसाठी एसआयजीयूसीसीएस हा गट आहे, त्याच्याकडे दोन्ही टोकं सापडतील: दीर्घ सेवेसाठी पेनी क्रेन पुरस्कार, आणि माहितीपत्रकं, व्हिडिओ, प्रशिक्षण साहित्य यांच्यासाठी वेगळे संवाद पुरस्कार. तुमचा दुसऱ्या पायरीचा प्रचार चांगला झाला असेल तर त्याचं साहित्य असल्या गटात स्वतंत्रपणे पाठवता येईल, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

तुमचं प्रकरण प्रकल्प गटातलंच. पाचही नावं भूमिकेसह द्या: "ओळख सर्व्हरची (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची) जोडणी", "जुन्या खात्यांची साफसफाई", "हेल्पडेस्कचं प्रशिक्षण". साफसफाई करणाऱ्याचं नाव हमखास गळतं, आणि एकाच विद्यार्थ्याची तीन खाती जुळवणं हेच अशा कामातलं सगळ्यात किचकट काम असतं. खटपट करणाऱ्या बाईंचा उल्लेख शिफारसपत्रात ठळक येऊ द्या. ते पत्र आयटी प्रमुखाचं नको. परीक्षा विभाग किंवा ग्रंथालयाचं आणा, कारण फायदा त्यांचा झाला.

तिकीट_खिडकी:
आकड्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण नामांकनं इथेच पडतात.

नुसती तिकिटं, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदलेल्या तक्रारी, मोजू नका, दर हजार वापरकर्त्यांमागे मोजा. समजा मागच्या वर्षी २४,००० वापरकर्ते आणि पासवर्डची ३,६०० तिकिटं, म्हणजे हजारी १५०. यंदा ३०,००० वापरकर्ते आणि २,७०० तिकिटं, म्हणजे हजारी ९०. नुसत्या तिकिटांत घट २५ टक्के दिसते, हजारी हिशोबात ४० टक्के. विद्यार्थीसंख्या घटली असेल तर हाच हिशोब उलटा अंगावर येतो. तरीही तोच द्या.

तुलना मागच्या सहा महिन्यांशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी करा. प्रवेशाच्या आणि परीक्षा अर्जाच्या आठवड्यांत पासवर्डची तिकिटं उसळतात. ते आठवडे एका बाजूला आले आणि दुसऱ्या बाजूला नाही, की आकडा फुकट.

प्रकारांची नावं तपासा. नव्या प्रणालीत "पासवर्ड" हा प्रकार "लॉगिन" झाला, किंवा दुसऱ्या पायरीच्या तक्रारी "मोबाइल"खाली गेल्या, की कागदावर तिकिटं निम्मी होतात आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. दोन्ही वर्षांतली शंभर-शंभर तिकिटं यादृच्छिक निवडून हाताने वाचा. तासा-दोन तासांचं काम आहे.

तिकीट मिटायला लागलेला वेळ सरासरीने देऊ नका, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. नऊ तिकिटं दहा मिनिटांत मिटली आणि दहावं ४० दिवस पडून राहिलं, तर सरासरी निघते चार दिवसांच्या वर. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि एक आकडा लोक विसरतात: दुसरी पायरी किती टक्के खात्यांवर खरोखर चालू आहे? "उपलब्ध केली" आणि "वापरात आहे" यांत जमीन-अस्मानाचं अंतर. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी असे तीन आकडे वेगळे द्या.

निकालाचा_दिवस:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. "९९.९ टक्के वेळ सेवा चालू" हे वाक्य मी तरी गाळेन. वर्षाला ९९.९ म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद. ते पावणेनऊ तास रविवारी पहाटे गेले की निकाल लागला त्या दुपारी, यावर सगळं अवलंबून. शिवाय बरीच निगराणी फक्त लॉगिनचं पान उघडतं का एवढंच पाहते. मागे डेटाबेस आडवा झाला तरी फलकावर हिरवा दिवा. चाचणी खात्याने पूर्ण लॉगिन करून मोजलेला आकडा असेल तरच द्या, आणि सोबत गर्दीच्या दिवसाचा वेगळा.

गोंधळ लिहाच, पण कारणासकट. "सुरुवातीला काही अडचणी आल्या" हे निरुपयोगी. अशा प्रकल्पात नेमक्या दोन गोष्टी होतात. विद्यार्थी नवा फोन घेतो, ॲप नव्याने टाकतो आणि त्यात जुनं खातं नसतं. नोंदणीच्या वेळी पुनर्प्राप्तीचे कोड दिलेले नसतील तर तो थेट हेल्पडेस्कच्या खिडकीवर येतो. दुसरं, कोड सहसा ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे फोनचं घड्याळ काही मिनिटं पुढे-मागे असेल तर बरोबर कोडही नाकारला जातो. तुमच्याकडे यातलं काय झालं, किती तिकिटं आली, काय बदललं, हे ६० शब्दांत मांडा. दुसऱ्या विद्यापीठाला उचलण्याजोगा भाग तोच.

चित्रांबाबत सावध. खऱ्या विद्यार्थ्याच्या खात्याचं चित्र धूसर करून लावू नका, चाचणी खातं बनवा. वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहू शकतो, समोरचा तो परत उघडू शकतो. विजेत्यांचे अर्ज बरेचदा जाहीर होतात, तेव्हा सर्व्हरची नावं, आवृत्ती क्रमांक, प्रशासकाच्या पानाचा पत्ता यातलं काहीही नको. दोनपैकी एक चित्र आठवडावार तिकिटांचा आलेख असू द्या, त्यावर शुभारंभाच्या दिवशी उभी रेघ.

एकच_किल्ली:
खूप उपयोग झाला. एक अडचण: जुनी तिकीट प्रणाली बंद झाली, आणि तिच्यातल्या नोंदींची प्रत कुणी काढून घेतलेली नाही. मागच्या वर्षीचा आकडाच नाही.

तिकीट_खिडकी:
आधी त्या सर्व्हरचा बॅकअप आहे का विचारा. सर्व्हर बंद केला तरी बॅकअप बरेचदा मागे उरतो. नसेल तर सामायिक मेलपेटीत जा: जुन्या प्रणाली प्रत्येक तिकिटाची मेल धाडायच्या. विषयाच्या ओळीवरून पासवर्डच्या मेल वेगळ्या काढा आणि तिकीट क्रमांकावरून एकेकदाच मोजा, नाहीतर प्रत्येक उत्तर नवं तिकीट म्हणून मोजलं जाईल. वरिष्ठांना जाणारे मासिक अहवालही पाहा.

जुना_सर्व्हर:
आणि कुठेच काही सापडलं नाही, तर अंदाजाला आकड्याचे कपडे चढवू नका. सुरुवातीच्या आठवड्यापासून आजपर्यंतचा आलेख द्या आणि खाली सरळ लिहा: "आधीच्या वर्षाची नोंद उपलब्ध नाही." मग पासवर्ड स्वतः बदलल्याच्या घटनांची संख्या पुढे आणा. ती ओळख सर्व्हरच्या नोंदींतच असते. पण त्या नोंदी किती दिवस ठेवल्या जातात ते आजच पाहा. मुदत ९० दिवसांची असेल तर तुमच्या सहा महिन्यांतले पहिले तीन आत्ताच गेलेत, आणि रोज आणखी एक दिवस जातोय.